दुभाषी

कोरियन मालिका बघत दुबईत वाढलेली पर्णिका एका कोरियन कंपनीच्या अमिरातीतल्याच वीज प्रकल्पावर दुभाषी म्हणून लागली. उद्घाटनाच्या आठवड्यात इंजिनिअर देवदत्तकाका मॅनेजरना म्हणाले, "वाफेच्या मेन पाइपला तडा गेलाय. गुरुवारी प्लांट सुरू करू नका. माझी माणसं तिथेच असतील." तिने ते कोरियनमध्ये सांगितलं.

"आमच्या सरकारने शब्द टाकला, म्हणून हे काम मिळालं," मॅनेजर म्हणाले. "गुरुवारी दोन्ही देशांचे मंत्री अबू धाबीच्या हॉटेलातून बटण दाबणार. आता थांबता येणार नाही." तिने तेही मराठीत सांगितलं.

मग मॅनेजर खालच्या आवाजात तिला म्हणाले, "गुरुवारी तू रजा घे."

"आता काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

पर्णिका त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काळजी करू नका म्हणतायत, काका."