वाटेवरचं वारूळ

जेसीबीचा दात जमिनीला लागणार, इतक्यात अन्नपूर्णाबाई आडव्या आल्या. हातात हळदीचा डबा, पायांत चप्पल नाही. तळ्याकाठच्या मातीच्या वाटेवर, कडुलिंबाखाली, गुडघाभर उंचीचं वारूळ होतं. बाईंनी त्यावर हळद चढवली, कुंकू लावलं आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"इथे नागात्तम्मन आहे, नागदेवी," त्या मजुरांना तमिळमध्ये म्हणाल्या. "ज्याची हिंमत असेल त्याने फावडं घालावं."

मजुरांनी फावडी खाली ठेवली. दोघांनी चपलाही काढल्या.

वेळच्चेरीच्या त्या कॉलनीचे अध्यक्ष गुरुमूर्ती भडकले. मातीच्या वाटेवर रंगीत फरशा बसवायच्या आणि मध्ये येणारी सव्वीस झाडं काढून टाकायची, हे त्यांचं दोन वर्षांचं स्वप्न. चिंचेवर बगळ्यांची घरटी होती, पण त्यांना ठरावाची प्रत कोण देणार? स्वतः गुरुमूर्ती त्या वाटेने कधी चालले नव्हते. त्यांचं चालणं घरातल्या ट्रेडमिलवर, एसीत. रोज फिरायला जाणाऱ्यांनी झाडं वाचवायला तीन अर्ज दिले, ते त्यांनी फाइलला लावले. सून अलकनंदा फिरणाऱ्यांतलीच. तिने विषय काढला तेव्हा "तुला यातलं काही कळत नाही," म्हणून तिलाही गप्प केलं.

आता त्यांनी सेक्रेटरी विद्याधरांना पुढे केलं. विद्याधर मूळचे साताऱ्याचे, आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, देवधर्म अजिबात न मानणारे. अन्नपूर्णाबाई तंजावूरच्या मराठी घराण्यातल्या.

"तुमचीच भाषा आहे. समजावा त्यांना," गुरुमूर्ती म्हणाले.

"समजावतो ना. असली थेरं मी खपवून घेत नाही," विद्याधर म्हणाले आणि बूट घालूनच निघाले.

समजावणं राहिलं बाजूला. "माती आहे ही, माती! कसली देवी?" ते तमिळमध्ये ओरडले. मजूर खवळले. मग अन्नपूर्णाबाई मराठीत सुटल्या. विद्याधरांनीही मराठीत आवाज चढवला. एरवी बाईंच्या मराठीत निम्मं तमिळ असायचं, गुरुमूर्तींना अर्धंमुर्धं कळायचं. आज एक शब्द कळेल तर शपथ. बाईंचं बोट विद्याधरांच्या नाकासमोर नाचत होतं, एवढंच दिसत होतं. शेवटी विद्याधरांनी बूट उचलून वारुळावर टेकवला आणि बाईंनी मूठभर हळद त्यांच्या शर्टावर फेकली.

जेसीबीचा ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला. किल्ली त्याने खिशात घातली.

"सार, मला दोन लेकरं आहेत. हे पाप मी नाही करणार."

दुपारपर्यंत सगळे मजूर पांगले. आसपासचा एकही माणूस आता तिथे कुदळ मारणार नाही, असं कंत्राटदाराने फोनवर सांगून टाकलं. कमिटीने विद्याधरांचा राजीनामा मागितला. त्यांनी तो मुकाट्याने लिहून दिला. वाट मातीचीच ठेवावी, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं.

गुरुमूर्ती हार मानणारे नव्हते. "बाईने शिवीगाळ केली असेल, धमकी दिली असेल. मी पोलिसांत तक्रार करतो. बाहेरगावची माणसं आणतो आणि बंदोबस्तात काम करून घेतो. उद्याच्या उद्या!"

भांडणाचा व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर आलाच होता. संध्याकाळी त्यांनी तो सुनेपुढे धरला. अलकनंदा माहेरची अकोल्याची.

"यात काय बोलले ते शब्द न् शब्द सांग. तक्रारीत लिहायचंय."

अलकनंदाने आवाज मोठा केला. पडद्यावर अन्नपूर्णाबाई बोट नाचवत कडाडल्या:

"अझून मोठ्यानें ओरडा कीं हो! तो वर बसलेला खालीं उतरीना!"

"घसा बसला माझा, बाई! बूट ठेवू का आता वारुळावर?" विद्याधर गरजले.

"ठेवा, पण हळूच हो! कालच लिंपलं आपण, आंत ओलं असेल. दाबलंत तर सगळं खालीं बसेल!"

अलकनंदाने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. पुन्हा नीट ऐकला. मग फोन सासऱ्यांच्या हातात परत दिला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"पोलिसांपुढे हे वाजवूसुद्धा नका, अप्पा," ती म्हणाली. "देवीचा शाप आहे. सुनेच्या तोंडून निघाला तर याच घराला लागेल."