काँक्रीटपासून सुरू होणारी नावं

“खांब सडलेत, हे तुम्ही लिहून दिलं होतं?” चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

“दिलं होतं.”

“कुठे?”

सर्व्हेअर मामांनी समोरच्या बाकावरच्या तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, “आठवत नाही.”

अकरा माणसं मेली होती. दवाखान्याच्या जुन्या इमारतीवर दोन मजले चढवले आणि खालचे खांब फुटले. इमारत मामांनी मोजली होती. त्यांनी कॉम्प्युटरवर बनवलेल्या मॉडेलवरून भाराचं गणित तिने केलं होतं. ऑफिसच्या साहेबांनी फक्त सही केली होती. ते वकिलाच्या मांडीला मांडी लावून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सही करणाऱ्याच्या अंगावर धूळ उडत नाही.

तिची साक्ष दोन मिनिटांत आटोपली. “मॉडेलमधल्या प्रत्येक खांबाला चांगलं काँक्रीट होतं. शेरा एकही नव्हता.” त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. उलट मामांवर तिचंच डोकं फिरलं होतं. ज्या माणसाने हाताला धरून काम शिकवलं, तो अंगाशी आल्यावर ‘आठवत नाही’ म्हणतो? दाराशी तिने त्यांना गाठलंच.

“मामा, निदान खोटं तरी बोलायचं नव्हतं.”

“जेवून घे,” मामा म्हणाले. “तोंड बघ कसं सुकलंय.” पोलिसांनी त्यांना गाडीत बसवलं.

अधिकाऱ्याला उद्या मामांच्या मॉडेलची मूळ फाइल हवी होती. ती ऑफिसात आली, फाइल शोधली, प्रोग्राममध्ये घेतली. पाच सेकंदांत इमारत उभी. सगळं हिरवं, कुठेच चूक नाही.

पूर्वी असं नव्हतं. बाहेरची फाइल आत घेताना लांबलचक यादी यायची. त्यांचा खांब तो आपला खांबच ना? त्यांची भिंत आपल्याकडे भिंतच धरायची ना? त्यांच्या या साहित्याला आपलं कुठलं लावायचं? दीडशे-दोनशे ओळी, एकेक वाचून जोडायच्या. मामांनीच शिकवलं होतं ते. दोन वर्षांपूर्वी तिने त्यावर नियम बसवला. साहित्याचं नाव ‘काँक्रीट’पासून सुरू झालं की आपलं नेहमीचं चांगलं काँक्रीट लावून मोकळं व्हायचं. बाकीच्या ओळींनाही असंच. यादी यायचीच बंद झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली; मामा तेवढे बाहेर मोजणीवर होते. “पुढचं नाव वाचतंय कोण!” ती तेव्हा हसून म्हणाली होती.

माउसवरचा तिचा हात थांबला.

मामांनी ही फाइल दिली त्या सकाळी केबिनमध्ये अहवालावरून त्यांची आणि साहेबांची खडाजंगी झाली होती. मामा बाहेर आले, मागोमाग साहेब येऊन त्यांच्या डोक्यावर उभे राहिले. मामा तिला एवढंच म्हणाले, “यादी नीट वाच गं.”

“हो मामा.” तिने मानसुद्धा वर केली नव्हती.

तिने नियम बंद केला. फाइल पुन्हा आत घेतली. यादी आली. तळमजल्यावर चौदा खांब, चौदाही खांबांच्या साहित्याचं नाव एकच:

‘काँक्रीट आतून सडलंय, मजले चढवू नका. अहवालातून साहेबांनी काढायला लावलं. यादी तू वाचतेस, म्हणून इथे लिहितोय, पोरी.’