फोन निसटल्याबाबत अर्ज

कंपनीचा फोन मी पोहण्याच्या तलावात फेकला. छे, असं काही झालंच नाही. तो हातातून निसटला, असं अर्जात लिहिलंय. पाण्याला घाबरणारी माझी लेक सुट्टीत पहिल्यांदाच पाठीवर तरंगायला तयार झाली होती. एक हात तिच्या मानेखाली, दुसरा कमरेखाली. काठावरचा फोन सकाळपासून अकराव्यांदा कोकलला. उचलला. साहेब म्हणाले, “रजेवर आहेस ना? मग मोकळाच असशील. प्रिंटरचे कागद कुठल्या कपाटात?” “तुमच्या पाठीमागच्या.” तेवढ्यात लेक बुडाली. खोकत वर आली, म्हणाली, “बाबा, तू मान सोडलीस! मी पाण्यात पुन्हा येणारच नाही.” साहेब विचारत होते, “वरच्या कप्प्यात की खालच्या?” तेव्हा फोन निसटला आणि वीस फूट लांब पडला. अर्जाचा शेवट: ‘रजेतील कामाचा भार पाहता अर्जदारास तिसरा हात तातडीने मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’