रस्ता मधे उंच असतो

"वीज आणि पाणी एका घरात नांदत नाहीत," म्हातारी म्हणाली, "आणि तू मला त्या दोघांच्या मधे बसवायला निघालीस!"

 सुनेने अंगातला रेनकोट काढून चादरींच्या गठ्ठ्यावर घातला, वरून मेणकापड गुंडाळलं आणि दोरी करकचून आवळली. धुलाईघराच्या दारात तिची बॅटरीची बाईक पावसात उभी होती. ना आवाज, ना धूर. म्हातारी त्या गाडीला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होती; आज गाडी खरोखरच पाण्यात उभी होती.

पण इलाज नव्हता. मुलाचा टेम्पो चौकात दोनदा खोकला आणि बंद पडला. डोळ्यांच्या दवाखान्यात बारा म्हातारी माणसं कालपासून येऊन राहिली होती. आठ वाजता त्यांची ऑपरेशनं. त्याआधी चादरी वाफेच्या यंत्रात जायला हव्यात, आणि दमट चादर तिथली सिस्टर दारातूनच परत पाठवते. एकोणीस वर्षांत म्हातारीची एक चादर परत आली नव्हती, एक दिवस चुकला नव्हता. मिरवायला तिच्याकडे हा एवढाच दागिना.

गठ्ठा मधे घेऊन ती मागे बसली.

सून हळू चालवत होती. गटारांची झाकणं चुकवत, पांढरे पट्टे चुकवत, थांबायच्या कितीतरी आधीपासून ब्रेक हलके दाबत.

"पळव की जरा! गोगलगाय परवडली."

"ओल्यात पळवली की घसरते, आई. तुम्ही गप्प बसा आणि मला घट्ट धरा."

गप्प बसा! हे शब्द म्हातारीच्या नवऱ्यानेही कधी तोंडातून काढले नव्हते, आणि तो काही भित्रा नव्हता. म्हातारीने ओठ मिटले. पण घट्ट धरलं.

नाल्याजवळ रस्ता दिसेनासा झाला होता. मोटारींची लांब रांग लागलेली, पुढच्या दोन तर पाण्यात बंद पडून बसलेल्या. सुनेने गाडी काठाशी थांबवली.

"चाकाच्या आसापर्यंत पाणी चालेल. त्याच्या वर गेलं तर संपलं. खोली कळत नाही, आई."

"मग मी कशाला आहे? दे तो गठ्ठा डोक्यावर. मी पुढे चालते."

"पोटरीच्या वर पाणी लागलं की हात वर करा."

म्हातारी पाण्यात उतरली. कडेकडेने दहा पावलं गेली तोच पाणी गुडघ्याला भिडलं. तिने हात वर केला.

"मधून चाला आई, मधून! रस्ता मधे उंच असतो."

जन्मभर ती कडेने चालत आली होती. डोक्यावर ओझं असलं की कडेने चालायचं, गाड्यांना वाट द्यायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पायांनाच ठाऊक होतं. ती क्षणभर थांबली. मग पाय चाचपत रस्त्याच्या मधोमध आली. पाणी खाली खाली उतरत घोट्याच्या जरासं वर येऊन थांबलं.

एका मोटारीची काच खाली झाली. "ओ आजी, मधून कुठे चाललात? बाजूला व्हा!"

"का हो? तुमचं जहाज सुटतंय का?"

काच वर गेली. म्हातारीने वळून पाहिलं. पाणी अलगद दुभंगत सून मागून येत होती. केस कपाळाला चिकटलेले, पाठ ताठ, नजर समोर. एकदाही पाय टेकवावा लागला नाही तिला. म्हातारीने पुन्हा तोंड पुढे केलं आणि पाऊल लांब टाकलं. रांगेतल्या सगळ्यांना नीट दिसेल असं.

दवाखान्यात सिस्टरने दोरी सोडली, मेणकापड काढलं, रेनकोट बाजूला केला. मधलीच एक चादर ओढून गालाला लावली. मग अगदी वरची.

"खडखडीत आहेत," ती म्हणाली. पण तिचा चेहरा काही खुलला नाही. "आजी, तुम्हाला उगाच त्रास झाला. डॉक्टरांचा आत्ताच फोन आला. नाल्याच्या पलीकडे रांगेत अडकलेत. गाडी पुढे जात नाही, मागे येत नाही. आजची ऑपरेशनं रद्द करा म्हणाले."

आत बाकांवर बारा जण ओळीने बसले होते. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्यावर शाईची खूण. कडेची एक बाई आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "डॉक्टर आले का गं?"

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. सून दारात उभी राहून केस पिळत होती.

"बॅटरी किती उरली?"

"जाऊन येण्याइतकी आहे."

"मग उभी काय राहिलीस? हा रेनकोट घाल डॉक्टरांना आणि मागे बसव. भिजवून आणू नकोस, त्यांना वाळत घालायला इथे दोरी नाही."

सुनेने रेनकोट काखेत मारला आणि ती निघाली. आवाज असा झालाच नाही. मागचा लाल दिवा पावसात लहान लहान होत गेला.

"एवढ्या पाण्यातून आणेल ती?" सिस्टरने विचारलं.

म्हातारी ओल्या कपड्यांनिशी बाकावरच्या त्या बाईशेजारी जाऊन बसली.

"डॉक्टर निघालेत, बाई," तिने तिला सांगितलं. मग सिस्टरकडे मान वळवली. "तुम्ही आधी चादरी लावा यंत्रात. माझी सून गेलीय."