मांजरमाऱ्या डॉक्टर

"ताप आला म्हणून घरातलं काही औषध दिलंत का याला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जुनुका सइकियाने नाही म्हटलं. टेबलावर तिचा बोका अंग चोरून बसला होता.

"बरं केलंत. माणसांची तापाची गोळी म्हणजे मांजराला विष. लोक बिचारे मायेने देतात. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, आणि मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही."

बाईंनी बोक्याला इंजेक्शन दिलं. उद्यापर्यंत खायला लागेल, म्हणाल्या. जुनुकाचं लक्ष नव्हतं. तिला पुठीच्या हिरड्या दिसत होत्या.

पुठी तिच्या लहानपणची मांजर. जोरहाटच्या त्या पत्र्याच्या घरात ती जुनुकाच्याच पांघरुणात झोपायची. जुनुका तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. माघ बिहूचा सण जवळ आला होता, आई तव्यावर तिळाचे पिठे करत होती आणि घरभर गुळाचा वास सुटला होता. एरवी पुठी आईच्या पायात घोटाळली असती. त्या दिवशी ती चुलीपाशी मुटकुळं करून पडून होती. सकाळी डॉक्टर बरठाकूरांनी येऊन तिला इंजेक्शन दिलं. दुपारी घर निजलं, तेव्हा जुनुकाने आपली तापाची गोळी चुरली, माशाच्या तुकड्यात कालवली आणि पुठीला भरवली. आई तिला भरवायची तशी, "एवढंच, एवढंच" म्हणत.

संध्याकाळी पुठीचं तोंड सुजलं. श्वास लागला. देउताने, म्हणजे तिच्या वडिलांनी, लेकीला सायकलवर पुढे बसवलं, पुठीची टोपली मागे बांधली आणि दवाखाना गाठला. तो सायकल लावत होता तेवढ्यात डॉक्टरांनी पुठीचे ओठ वर करून पाहिलं. मग ते जुनुकापाशी उकिडवे बसले.

"माजनी, बाळा, हिला काही खायला दिलंस का गं?"

"औषध दिलं," जुनुका ऐटीत म्हणाली. "माझं. मी एकटीने दिलं, आईला पण माहीत नाही."

डॉक्टर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "किती गं काळजी तुला तिची."

त्यांनी खूप खटपट केली. पुठी गेली. डॉक्टर बाहेर आले आणि देउतापुढे हात जोडून उभे राहिले.

"माझं चुकलं, मास्तर. सकाळचं इंजेक्शन चुकीचं पडलं."

देउता इतका ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. "बैलांचे डॉक्टर तुम्ही! मांजराला हात लावायला सांगितलं कुणी?"

त्या दिवसापासून घरात डॉक्टरांचं नाव मांजरमाऱ्या पडलं. त्यांची स्कूटर फाटकासमोरून गेली की देउता धाडकन खिडकी लावायचा. जेवताना कुणाची गाय आजारी असल्याचं निघालं, की म्हणायचा, "मांजरमाऱ्याकडे नेऊ नका म्हणावं." जुनुकाने एकदा भर बाजारात डॉक्टरांना जीभ काढून दाखवली होती. ते नारळ निवडत होते. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

बोक्याला घरी सोडून जुनुका तशीच बरठाकूरांकडे गेली. देउताला जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारे डॉक्टर ओसरीत उन्हाला बसून सुपारी कातरत होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"अरे, मास्तरांची माजनी! ये, ये. आज जीभ नाही दाखवलीस?"

ती हसणार होती, पण तिला रडू फुटलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कळलं वाटतं तुला," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही का घेतलंत अंगावर? मांजर आजाराने गेलं म्हणायचं."

"सुजलेलं तोंड बघून तुझ्या देउताने विचारलंच असतं, हे काय झालं म्हणून. तू शेजारीच उभी, टोपली धरून. मला तेवढंच सुचलं बघ."

"आणि देउताने गावभर तुमचं नाव खराब केलं. लोकांनी जनावरं आणायची बंद केली असतील तुमच्याकडे."

"कुणी सांगितलं तुला? निवृत्त होईपर्यंत माझ्या दारात रांग होती." डॉक्टरांना हसू आलं. "त्या दिवसानंतर गावात तो एक शब्द बोलला नाही."

"खिडक्या आपटायचा, काका! मी रोज ऐकलंय."

"तू ऐकलंस. तुझ्यासाठीच होतं ते. पुठी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला तुझ्या उशाखाली गोळीचं रिकामं पाकीट सापडलं. तुझा देउता धावत इथे आला. याच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. माफी मागायला लागला. मी म्हटलं, मास्तर, माफी राहू द्या, शिव्या तेवढ्या थांबवू नका. एकदम थांबवल्यात, तर पोर विचारात पडेल."

फाटकाबाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. डॉक्टरांनी आत बघून दोन कप चहा सांगितला.

"शेवटपर्यंत पाळलं त्याने. संध्याकाळी शाळेवरून इकडेच यायचा, मागच्या दाराने. घामाघूम होऊन बसायचा आणि म्हणायचा, 'काल पोरीसमोर फार बोललो हो तुम्हाला डॉक्टर. घसा बसलाय. जरा आलं घालून चहा टाकायला सांगा.'"