लेन्सची बुरशी

पोरानं नवा कॅमेरा घेतला, म्हणून उकंडरावकाकांनी त्याचा जुना मिररलेस कॅमेरा विकायले काढला. एकाच डब्यात कॅमेरा अन् दोन लेन्स होत्या. जानेफळच्या कुलदीपनं एक लेन्स उजेडात धरली. चकचकीत होती, पण भाव पाडायले त्यानं ठोकून दिलं, "काका, हिले तं आतून बुरशी लागली!"

काकांचा चेहराच उतरला. त्या लेन्ससकट कॅमेरा त्यांनी अर्ध्या भावात देऊन टाकला.

फोटो इतके साफ आले, का कुलदीपले स्वतःचीच लाज वाटली. आठ दिवसांनी त्यानं फोन लावला. "काका, दुसरी लेन्स बी मले द्या. पुरा भाव देतो."

"ते तं मी त्याच दिवशी फोडून टाकली, बाप्पा. सडक्या कांद्याजवळचा कांदा दुसऱ्याच्या गळ्यात काऊन बांधू?"