शहाण्णव

सहा बर्नर एकदम पेटले आणि नववीच्या वर्गात कुणाचं कुणाला ऐकू येईना. चोवीस मुली, सहा चंचुपात्रं, सहा कोरे करकरीत तापमापक. सगळं विद्यापीठाच्या गाडीतून आलेलं. विज्ञानाच्या बाईंचं लक्ष मात्र सारखं मागे जात होतं. तीन सरकारी शाळांपैकी एकाच शाळेला विद्यापीठ कायमची प्रयोगशाळा देणार होतं, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या प्राध्यापिका मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या.

पाणी उकळलं. बाई एकेका गटाच्या कागदात डोकावल्या. शंभर. शंभर. पाचही गटांचं शंभर. त्यांचा जीव भांड्यात पडला.

सहाव्या कागदावर शहाण्णव होतं.

"अगं, शंभर लिही," बाई पुटपुटल्या. "पुस्तकात काय दिलंय?"

"पण बाई, पारा वर जातच नाही. तीनदा बघितलं."

"खोड आधी. पाहुण्यांसमोर शोभा नको."

मुलीने खोडरबर उचललं आणि तशीच थांबली. "आपली शाळा डोंगरावर आहे, म्हणून तर नसेल? उंचीवर पाणी लवकर उकळतं. तुम्हीच सांगितलंत. कारणे द्या, दोन गुण."

सांगितलं होतं खरं. बावीस वर्षं दोन्ही गोष्टी बाईच सांगत आल्या होत्या, एकाच वहीत, दहा पानांच्या अंतराने. त्यांनी वाकून तापमापकात पाहिलं. चष्म्यावर वाफ धरली, ती बोटाने पुसून पुन्हा पाहिलं. शहाण्णव. पुढच्या टेबलावर शहाण्णव. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या टेबलाकडे तर बाई चक्क धावल्या.

"काय झालं?" प्राध्यापिका उठून उभ्या राहिल्या.

"सगळ्यांचं शहाण्णव आलंय, मॅडम. शंभर लिहिलंय ते माझ्यामुळे. बावीस वर्षं मीच लिहायला लावतेय." खरं तर मान खाली जायला हवी होती, पण बाईंना हसू आवरत नव्हतं. "इथे पाणी शहाण्णवला उकळतं. आपल्या वर्गात!"

प्राध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते बघायचं बाईंच्या लक्षातच राहिलं नाही. त्या खडूंचा रिकामा खोका घेऊन टेबलांमधून फिरत होत्या.

"खोडरबरं टाका यात. सगळ्यांनी. आणि पारा पुन्हा वाचा."

चोवीस झाली. मग बाईंनी पर्स उघडली आणि स्वतःचंही टाकलं.